जुन्या ट्रकला पॉवर स्टेअरिंग बसवताना



भात, पेंढा, वीट, भाजी वाहायला जुना ट्रक बाळगणारे शेतकरी आपल्याकडे पुष्कळ आहेत. इंजिन दणकट असतं, चेसीसही शाबूत असते, पण स्टेअरिंग ओढताना खांदे भरून येतात. ठाणे-भिवंडी रस्त्यावर कशेळीच्या खाडीपुलाजवळ वाहनांची रांग लागली, किंवा काल्हेरच्या गोदामांच्या बोळात भरलेली गाडी मागे घ्यायची वेळ आली, की त्रास जास्तच जाणवतो. मग मनात येतं, नव्या गाडीसारखं पॉवर स्टेअरिंग बसवून टाकावं. बसवता येतं. पण हे काम ब्रेकइतकंच जोखमीचं आहे, म्हणून आधी नीट समजून घ्या.

आधी जडपणाचं कारण शोधा

पॉवर स्टेअरिंग जोर पुरवतं, झीज भरून काढत नाही. पुढच्या टायरात हवा कमी असेल, किंगपिनला ग्रीस पोचत नसेल किंवा गाडीत माल जादा भरला असेल, तर स्टेअरिंग जड होणारच. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून खाली पक्के घोडे लावा आणि चाकं हातानं वळवून बघा. अडत असतील तर दोष किंगपिनमध्ये किंवा जोडांत आहे. चाक वरून-खालून धरून हलवल्यावर खडखडलं, तर किंगपिन, बुश किंवा बेअरिंग सैल झालंय. टाय रॉडचे बॉल जॉइंटही तपासा. हे सगळं दुरुस्त झाल्यावर पुष्कळदा जुनं स्टेअरिंगच हलकं होतं आणि मोठा खर्च वाचतो.

हे काम कसं करतं?

इंजिनवर चालणारा पंप टाकीतलं तेल ओढून दाबानं स्टेअरिंग बॉक्समध्ये पाठवतो. तुम्ही चाक फिरवलं की बॉक्समधला व्हॉल्व्ह त्या बाजूला तेल सोडतो. तेल आतला पिस्टन ढकलतं, ड्रॉप आर्म हलतो आणि चाकं वळतात. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ साली असं स्टेअरिंग मोटारीवर चालवून दाखवलं. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात वढू बुद्रुक इथे, १९८१ साली स्थापन झालेल्या झेडएफ स्टेअरिंग गिअर कंपनीनं ट्रकांच्या स्टेअरिंगचा कारखाना उभारला.

सामान निवडताना

१. पंप आणि बॉक्स एकमेकांना जुळणारे घ्या. तेल कमी देणारा पंप असला तर इंजिन मंद असताना स्टेअरिंग जडच राहतं. शक्यतो तुमच्याच बनावटीच्या, तेवढ्याच वजनाच्या पुढच्या मॉडेलचा पूर्ण संच घ्या.

२. बॉक्सची दिशा बघा. दुसऱ्या बनावटीचा बॉक्स बसवला तर चाक उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे वळेल, असंही होऊ शकतं.

३. ड्रॉप आर्मची लांबी आणि ड्रॅग लिंकची बैठक पूर्वीसारखीच राहिली पाहिजे. ती बदलली तर खड्ड्यात पाटा दबला की गाडी आपोआप एका बाजूला ओढते.

४. ड्रॉप आर्म तापवून वाकवू नका आणि त्याला वेल्डिंग करू नका. वेल्डिंगचा आर्म भरल्या गाडीखाली तुटला तर स्टेअरिंग हातात नुसतं फिरत राहतं.

५. दाबाची नळी हायड्रॉलिकचीच हवी. ट्रकच्या टायरात साधारण ७-८ बार हवा असते, तर या नळीतला दाब १०० बारच्याही पुढे जातो. साधी रबरी नळी क्लिप आवळून बसवली तर ती फुटते. गरम सायलेन्सरवर तेल उडालं तर आग लागते. म्हणून नळी सायलेन्सरपासून दूर न्या.

बसवल्यावर

बॉक्सच्या कंपनीनं सांगितलेलंच तेल घाला. ब्रेक ऑइल कधीच नको, त्यानं सील खराब होतात. पुढची चाकं उचललेली असताना इंजिन मंद ठेवा आणि स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत तेल भरत राहा. टोकाला स्टेअरिंग दाबून धरू नका, तेल तापतं आणि पंप बिघडतो. गळती बोटानं चाचपू नका. दाबाचं तेल कातडीत शिरतं, त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. मग रिकामी गाडी मोकळ्या मैदानात हळू चालवा. वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ येतंय का, नळ्या कुठे घासतात का, ते पाहा.

घाटात विसरू नका

इंजिन बंद पडलं की पंप बंद. स्टेअरिंग फिरतं, पण एकदम फार जड होतं. डिझेल वाचवायला कसारा घाटात इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडणं तर जिवावरच बेतेल. पंपाचा पट्टा आणि तेलाची पातळी गाडी काढण्यापूर्वी रोज बघा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बनावटीत बदल करण्यावर बंधनं आहेत. म्हणून काम काढण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. आठ वर्षांपुढच्या मालगाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागतं, तिथे हे काम तपासलं जाईल. पावत्या जपून ठेवा.

तेव्हा बंधूंनो, आधी पुढचा अ‍ॅक्सल दुरुस्त करा, मग जुळणारा संच घ्या आणि तो जाणत्या मिस्त्रीकडूनच बसवून घ्या. हाताला आराम मिळेलच, पण गाडीत बसलेला माणूस आणि रस्त्यानं चालणारा माणूस, दोघंही सुखरूप घरी पोचले पाहिजेत.