इंजिन चालू, तरी स्टॉल?

चंदीगडच्या सेक्टर 18 मध्ये 2023 साली हवाई दलाचं हेरिटेज सेंटर सुरू झालं. तिथल्या सिम्युलेटरवर बसण्याआधी 'स्टॉल' समजून घ्या मंडळी!

पंख समोरच्या हवेला साधारण 15-16 अंशांपेक्षा जास्त कोनात भिडला, की वरचा प्रवाह सुटतो आणि उचल ढासळते. इंजिन धडधडत असलं तरीही! हाच स्टॉल. शिकाऊ वैमानिकाकडून हे भरपूर उंचीवर मुद्दाम करून घेतात. पॉवर कमी, नाक हळूहळू वर, मग इशाऱ्याचा हॉर्न, विमानाची थरथर. घाबरलेला हात स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) मागेच ओढतो. खरं शिक्षण ही सवय मोडण्याचं. आधी स्टिक पुढे, मग पॉवर. एखादा पंख पडू लागला तर रडर, म्हणजे शेपटीवरचं उभं सुकाणू. एलेरॉनची (पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांची) घाई विमानाला गिरकीत नेऊ शकते.

2009 मध्ये एअर फ्रान्सचं फ्लाइट 447 हे विमान सुमारे 38,000 फुटांवरून स्टॉलमध्येच अटलांटिकमध्ये कोसळलं. स्टिक बहुतांश वेळ मागे ओढलेली होती.