महानदीच्या काठी : रायपूरच्या पलीकडचे छत्तीसगड

नावाजलेल्या ठिकाणांची कीर्ती अनेकदा त्यांच्या शेजाऱ्यांना झाकून टाकते. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर ऊन आणि वाळूच्या ओढीने उतरणारे असंख्य पर्यटक मागच्या डोंगरांत वसलेल्या पांढऱ्याशुभ्र गावांकडे क्वचितच वळतात. गोव्याच्या किनाऱ्यावर रमणाऱ्यांना सांगे, केपे हा अंतर्भाग बहुधा अपरिचितच राहतो. रायपूरची स्थिती याहून थोडी वेगळी आहे. येथे तर मुळात पर्यटनासाठी म्हणून फारसे कोणी उतरतच नाही. मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या गीतांजली किंवा मेलच्या प्रवाशाला रायपूर म्हणजे तांदळाची, पोलादाची आणि व्यापाराची नगरी. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. त्यानंतर रुंद रस्ते आले, आखीवरेखीव नवे नगर उभे राहिले, आणि शहराची ओळख अधिकच 'नवी' झाली. मात्र या नव्या राजधानीपासून जेमतेम ऐंशी किलोमीटरच्या आत, महानदीच्या काठी, चौदाशे वर्षांपूर्वीची एक राजधानी शांतपणे उभी आहे.

आरंभ संग्रहालयापासून

महानदीच्या काठची ही यात्रा रायपूर शहरातूनच सुरू करणे श्रेयस्कर. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये स्थापन केलेले संग्रहालय देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक आहे. त्याच्या आजच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. येथील शिलालेख आणि धातुमूर्ती पाहून पुढे गेल्यास सिरपूरच्या विटा आणि दगड बोलू लागतात. न पाहता गेल्यास ते केवळ अवशेष वाटण्याचा संभव असतो.

सिरपूरला १९३९ मध्ये बौद्ध धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला. त्या मूर्तींपैकी काही या संग्रहालयात आहेत. सिरपूरचीच तारादेवीची एक देखणी मूर्ती आज अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आहे. सातासमुद्रापलीकडचा रसिक जे काचेआड पाहतो, त्याची जन्मभूमी रायपूरपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे.

वाटेवरचे आरंग

रायपूरहून संबलपूरच्या दिशेने जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर सुमारे छत्तीस किलोमीटरवर आरंग लागते. बहुतेक वाहने येथे थांबत नाहीत. गावात भांड देऊळ नावाचे प्राचीन जैन मंदिर उभे आहे. त्याच्या बाह्य भिंती शिल्पांनी भरलेल्या असून गाभाऱ्यात काळ्या पाषाणातील तीर्थंकरांच्या तीन भव्य मूर्ती आहेत. गावाच्या नावाविषयी लोककथा अशी, की अतिथीला दिलेल्या शब्दाखातर मोरध्वज राजाने आपल्या पुत्रावर करवत चालवली. करवत म्हणजे 'आरा', त्यावरून आरंग. कथा किती जुनी हे महत्त्वाचे नाही. दिलेला शब्द पाळण्याचे मोल या मुलखाने आपल्या गावाच्या नावात जपले, हे महत्त्वाचे.

राणी वासटेचे मंदिर

आरंग सोडल्यावर महानदीचे विस्तीर्ण पात्र ओलांडावे लागते. पुढे महामार्ग सोडून डावीकडे वळणारा रस्ता झाडीतून सिरपूरला पोहोचतो. प्राचीन श्रीपूर ते हेच. दक्षिण कोसल देशाच्या पांडुवंशी राजांची ही राजधानी होती. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग इसवी सन ६३९ च्या सुमारास दक्षिण कोसलात आला आणि तेथील शंभर संघारामांची नोंद त्याने केली. त्याने वर्णिलेली राजधानी म्हणजेच श्रीपूर, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

येथील लक्ष्मण मंदिर भारतातील विटांच्या मंदिरांत फार वरच्या दर्जाचे मानले जाते. नाव लक्ष्मणाचे असले तरी मंदिर विष्णूचे आहे. उंच दगडी चौथऱ्यावर विटांचे गर्भगृह आणि शिखर उभे आहे. पुढच्या मंडपाच्या खांबांच्या आता केवळ बैठका उरल्या आहेत. विटा इतक्या बारकाईने घासून बसवल्या आहेत, की सांधा शोधावा लागतो. लाकडावर कोरावे तशी नक्षी आणि गवाक्षांच्या आकृती विटांवर कोरल्या आहेत. द्वारशाखा मात्र दगडाची. तिच्या माथ्यावर शेषशायी विष्णू असून बाजूंना अवतारकथा आहेत.

हे मंदिर बांधले ते राणी वासटेने. मगधाच्या वर्मन कुळातील सूर्यवर्म्याची ती कन्या. पती हर्षगुप्त निवर्तल्यावर त्याच्या स्मरणार्थ तिने हे मंदिर उभारले. त्यासंबंधीचा शिलालेख मंदिराच्या ढिगाऱ्यात सापडला. रायबहादूर हिरालाल यांनी संपादित केलेला हा लेख बँकेशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. राणीने मंदिरासाठी गावे दान दिली आणि त्यांचे उत्पन्न अन्नसत्र, मंदिराची डागडुजी, सेवकवर्ग आणि विद्वान ब्राह्मण यांच्यासाठी नेमून दिले. ब्राह्मणांचा वाटा वंशपरंपरेने चालणार होता. परंतु वारस विद्यासंपन्न असला पाहिजे, जुगारासारख्या व्यसनात अडकलेला नसावा, अशा अटी होत्या. अपात्र वारसाच्या जागी दुसरा योग्य पुरुष नेमावा, आणि हा वाटा विकता किंवा गहाण ठेवता येऊ नये, असेही त्यात नमूद आहे. डागडुजीची कायम तरतूद, लाभार्थीची पात्रता आणि मालमत्ता हस्तांतरणावर निर्बंध : आजच्या विश्वस्त लेखातील ही कलमे एका राणीने चौदाशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून घेतली होती.

एक नगर, तीन उपासना

वासटा विष्णुभक्त होती. तिचा पुत्र महाशिवगुप्त बालार्जुन शिवभक्त होता. त्याच्या कारकीर्दीच्या सत्तावन्नाव्या वर्षाचा लेख उपलब्ध आहे, म्हणजे त्याने किमान तेवढी वर्षे राज्य केले. त्याच काळात आनंदप्रभ नावाच्या भिक्षूने येथे विहार बांधला. मधले अंगण, सभोवती भिक्षूंच्या कोठड्या आणि गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्ध अशी त्याची रचना आहे. तीवरदेव विहाराच्या द्वारशाखेवर माकड आणि मगरीची पंचतंत्रातील कथा कोरलेली आढळते. विष्णू, शिव आणि बुद्ध यांची उपासनास्थळे एका फेरफटक्याच्या अंतरावर नांदत होती, हे सिरपूरचे खरे वैभव.

सुरंग टीला हे शिवमंदिर उंच पायऱ्यांवर उभे आहे. त्या पायऱ्या लाटेसारख्या वाकल्या आहेत. येथे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ अरुणकुमार शर्मा यांनी त्याचा संबंध प्राचीन भूकंपाशी जोडला होता.

मराठी अभ्यासकांचा वाटा

सिरपूरच्या ढिगाऱ्यांखाली विहार आहेत हे जगापुढे आणणारे पहिले शास्त्रशुद्ध उत्खनन १९५३ ते १९५६ या काळात झाले. सागर विद्यापीठातर्फे ते करणारे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी पुरातत्त्वज्ञ होते. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी छत्तीसगडच्या कलचुरी राजांचे लेख संपादून या प्रदेशाच्या इतिहासाला भक्कम पाया दिला.

या मुलखाशी मराठी माणसाचा संबंध त्याहून जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज रतनपूरला पोहोचली. पुढे १७५८ ते १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. तेथील टेकडीवरचे राममंदिर त्यांनी बांधले. १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीखाली कारभाराचे मुख्य ठाणे रायपूरला आले. रायपुरात तात्यापारा ही जुनी वस्ती आजही त्याच नावाने ओळखली जाते. 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक १९०० मध्ये काढणारे आणि 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे यांची कर्मभूमी हीच.

राजीमचा संगम

सिरपूरच्या पायथ्याशी येण्यापूर्वी महानदी राजीमला पैरी आणि सोंढूर या नद्यांना भेटते. रायपूरपासून हे अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. प्राचीन राजीवलोचन मंदिर विष्णूचे असून त्याच्या मंडपातील खांबांवर पूर्णाकृती शिल्पे आहेत. संगमाच्या ऐन पात्रात उंच दगडी चौथऱ्यावर कुलेश्वर महादेव उभा आहे. हिवाळ्यात वाळू तुडवत तेथे जाता येते, तर पावसाळ्यात चारही बाजूंनी पाणी असते. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे मोठा मेळा भरतो. जवळचे चंपारण हे वल्लभाचार्यांचे जन्मस्थान म्हणून वैष्णवांना वंदनीय आहे.

एक मुक्काम हवाच

रायपूरहून सकाळी निघून सिरपूर पाहून दुपारी परतणे सहज शक्य आहे, आणि बहुतेक पर्यटक तेच करतात. अशा भेटीत छायाचित्रे भरपूर मिळतात; पण जेवणाचा, मुक्कामाचा आणि खरेदीचा सगळा पैसा शहरातच खर्च होतो. ज्यांच्या शिवारात हा वारसा आहे त्यांच्या वाट्याला वाहनांची धूळ तेवढी येते. वारशाची राखण शेवटी त्याच्या शेजारी राहणारे लोक करतात. त्यापासून चार पैसे मिळाले, तर विटेचे मोल गावाला पटते. न मिळाल्यास ती नुसती वीट ठरते. राणी वासटेला हे उमगले होते, म्हणूनच तिने मंदिराबरोबर त्याच्या उत्पन्नाची व्यवस्था लावली.

म्हणून सिरपूरला एक रात्र थांबावे. राज्य पर्यटन मंडळाची निवासव्यवस्था तेथे आहे. स्थानिक वाटाड्या घ्यावा. तांदळाच्या पिठाचा चिला, फरा, ठेठरी, खुरमी हे पदार्थ गावातच चाखावेत. सकाळच्या कोवळ्या उन्हात लक्ष्मण मंदिराच्या विटा तांबूस उजळतात, तेव्हा बाहेरगावची वाहने अजून पोहोचलेली नसतात.

प्रवासाची तयारी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखावह. पहिल्या दिवशी रायपूरचे संग्रहालय, आरंग आणि सिरपूर, दुसऱ्या दिवशी उरलेले सिरपूर आणि राजीम अशी आखणी करावी. आणखी एक दिवस हाती असल्यास सिरपूरजवळचे बारनवापारा अभयारण्य जोडता येते. पावसाळ्यात ते बंद असते. सार्वजनिक वाहने मोजकी असल्याने रायपूरहून गाडी ठरवणे सोयीचे. खेड्यातील टपरीवरही आता मोबाइलने पैसे देता येतात. तरी नेटवर्कचा भरवसा नसल्याने थोडी रोख रक्कम, विशेषतः सुटे पैसे, जवळ असावेत. वाटाड्याचा मोबदला आणि गाडीचे भाडे निघण्यापूर्वीच स्पष्ट ठरवून घ्यावे. संग्रहालयाच्या सुट्टीचा वार आधी विचारून घेतल्यास पहिल्याच दिवशी विरस होणार नाही.