रुळांची रुंदी आणि कारभाराचे ऐक्य

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्र शासनाने २०२५ साली संमती दिली. कारभार एक झाला की उतारूंची व मालाची सोय आपोआप होते, असा सर्वसाधारण समज आहे. आपल्या प्रांताचा पूर्वेतिहास पाहता हा समज पुरता खरा नाही, हे शेतकरीबंधूंच्या नजरेस आणणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची आगगाडी खंडाळ्याहून पुण्यास १८५८ साली आली आणि १८६३ साली बोरघाटाचे काम पुरे होऊन मुंबई-पुणे मार्ग सलग झाला. या मार्गाच्या रुळांची रुंदी साडेपाच फूट. पुढे सदर्न मराठा कंपनीने पुण्याहून मिरजेकडे मार्ग नेला, तो मात्र मीटरमापी, म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित अधिक. त्यामुळे सांगलीची हळद किंवा कोल्हापूरचा गूळ रेल्वेने मुंबईस धाडावयाचा, तर पुण्यास एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरणे प्राप्त होते. उतारूसही तेथे गाडी बदलावी लागे.

सदर्न मराठा कंपनी १९०८ साली मद्रास रेल्वेशी एकत्र झाली. १९४४ साली तिचा कारभार सरकारने घेतला आणि १९५१ साली ती दक्षिण रेल्वेत समाविष्ट झाली. त्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची मध्य रेल्वे झाली. नावे पालटली, हमाली मात्र सुटली नाही. १९७१ साली मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाला, तेव्हाच ती अडचण दूर झाली.

बार्शी लाइट रेल्वेची कथा याहून बोलकी आहे. अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीस व १९०६ साली पंढरपुरास गेली. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. परंतु रूळ अरुंदच राहिल्याने कुर्डुवाडीची उतरंड चालूच राहिली. तिचे रुंदीकरण या शतकात टप्प्याटप्प्याने झाले.

याउलट कोथरूडचे उदाहरण पाहावे. तेथील वनाज स्थानकातून मेट्रो २०२२ साली सुरू झाली व १ ऑगस्ट २०२३ पासून ती पुणे स्टेशनास जाऊ लागली. मेट्रोचा कारभार वेगळा, रूळही वेगळे. तरी दोन्ही स्थानके जवळ आल्याने कोथरूडच्या उतारूची सोय झाली.

तात्पर्य, मालकी कोणाची यापेक्षा जोड कशी आहे, हा प्रश्न मोठा होय. विलीनीकरणाची वार्ता येताच शेतकऱ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: आपला माल वाटेत न उतरवता बाजारपेठेस पोहोचेल काय? आपल्या स्टेशनावर उतारूंची गाडी सोयीच्या वेळी थांबेल काय? नाशवंत मालास वेळेवर डबा मिळेल काय? रेल्वेच्या विभागीय उपभोक्ता सल्लागार समितीपुढे या मागण्या मांडण्याकरिता शेतकरी संघांनी एकजुटीने लेखी निवेदने द्यावीत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.