मज्जारज्जूची इजा आणि हरपलेला कासवेग

दिवाळे कोळीवाड्यातील एका तरुण रुग्णास आम्ही काही वर्षांपासून पाहत आहोत. उंचावरून पडून मानेत मज्जारज्जूस इजा झाल्याने त्याचे पाय व हातांची बोटे निश्चेष्ट झाली. एका पावसाळ्यात त्यास मंद ज्वर आला. कास नाही, म्हणजे उरःस्थानी दोष नाही, असे मानून आम्ही केवळ ज्वरघ्न चिकित्सा दिली. तिसऱ्या दिवशी ओठ निळसर दिसू लागले व त्यास तातडीने रुग्णालयात न्यावे लागले. फुप्फुसात कफ साठला होता. रुग्ण वाचला; आमचे अनुमान मात्र चुकले होते. कास नव्हता, कारण खोकण्याचे बळच उरले नव्हते.

श्वासपटलाची नाडी मानेतील तिसऱ्या ते पाचव्या मज्जाखंडातून निघते. इजा त्याखाली असल्यास श्वास आत घेता येतो. परंतु जोरकस उच्छ्वास करणारे पोटाचे व बरगड्यांमधील स्नायू पाठीच्या मज्जाखंडांवर अवलंबून असल्याने दुर्बल होतात. इजा कमरेच्या भागात असल्यास श्वासबल बहुधा टिकते. १९६५ च्या युद्धात पृष्ठवंशात गोळी लागलेल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडलबर्ग येथे जलतरणात सुवर्णपदक मिळविले. म्हणून 'पक्षाघातासारखे काही' एवढ्यावर न थांबता इजेचे स्थान विचारावे.

वाग्भटाचार्यांनी कास अधारणीय वेगांत गणला आहे. येथे रुग्ण वेग धारण करीत नाही. उदानाचे बळ क्षीण झाल्याने वेग उत्पन्नच होत नाही. परिणाम मात्र तोच, कफसंचय. श्वसनविकार हे अशा रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात. मानेची इजा असलेल्यास बसण्यापेक्षा उताणे निजून श्वास घेणे बहुधा सुकर जाते. बसविताना पोटास पट्टा बांधल्याने लाभ होतो. रुग्ण खोकण्याचा यत्न करील त्याच क्षणी साहाय्यकाने तळहातांनी पोट आत व वर दाबावे. ही क्रिया घरच्यांनी प्रशिक्षित व्यक्तीकडूनच शिकावी. हाजी अली येथे १९५५ पासून कार्यरत असलेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी रुग्णास अवश्य पाठवावे. वमन वर्ज्य समजावे. संवेदनाहीन त्वचेवर स्वेदन केल्यास दाह झाल्याचे रुग्णास कळतही नाही.

एका दीर्घ श्वासात रुग्ण किती अंक मोजतो, याची नोंद ठेवावी. ही संख्या घटली, श्वासगती वाढली किंवा ज्वर आला, तर कासाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. चाकाच्या खुर्चीवरील रुग्णासाठी कोणी खोकला दाबणारे वा झोप आणणारे औषध मागितल्यास वैद्यांस विचारल्याविना देऊ नये. सितोपलादीसारखे चूर्ण कोरडे न देता मधात कालवून देण्यास सांगावे. कफ सुटा करणे औषधाचे काम आहे. तो बाहेर काढण्यास या रुग्णांना दुसऱ्याचे हात लागतात.