खंडेनवमी आणि अश्वविनय

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले की बालाघाटाच्या डोंगररांगांतील वाटा 'आई राजा उदो उदो'च्या गजराने जाग्या होतात. तुळजापूरच्या भवानीची धाकटी बहीण म्हणून भाविक जिला मानतात, ती येरमाळ्याची येडेश्वरी कळंब तालुक्यातील आपल्या टेकडीवर विराजमान आहे. चैत्री पौर्णिमेची तिची यात्रा, दुसऱ्या दिवशी रानात चुन्याचे खडे वेचण्याचा सोहळा आणि आमराईतील पालखीचा मुक्काम यांची ख्याती दूरवर आहे. नवरात्रातही या टेकडीकडे भाविकांचा ओघ सुरू असतो. पाहता पाहता माळा चढतात, घटातील धान्य अंकुरते आणि नववा दिवस उजाडतो. हीच खंडेनवमी.

या दिवशी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. नांगर, विळे, कारागिरांची हत्यारे यांना हळदकुंकू लागते. आता मोटारीला आणि ट्रॅक्टरलाही झेंडूची माळ चढते. परंतु या पूजेत पूर्वापार मानाचे स्थान होते ते घोड्याला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाची कर्तव्ये सांगताना, आश्विनातील नवव्या दिवशी घोड्यांचे नीराजन करावे, असे विधान आहे. नीराजन म्हणजे ओवाळणे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही या विधीवर स्वतंत्र अध्याय आहे. मराठ्यांच्या राज्यात पावसाळ्याचे चार महिने छावणीत काढलेले घोडदळ दसऱ्याला मुलुखगिरीस बाहेर पडे. त्या आधीच्या दिवशी घोड्याच्या कपाळी कुंकू लागावे, हे किती यथोचित!

परंतु कुंकू लावून घेणारा आणि पाठीवर स्वार वाहणारा घोडा जन्मतः तसा नसतो. अल्लड शिंगरू पाठीवर माणूस कसे घेऊ लागते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

शमीची कथा आणि विसरलेला नकुल

दसऱ्याला शमीचे पूजन करताना पांडवांच्या अज्ञातवासाची आठवण निघते. शमीच्या ढोलीत शस्त्रे ठेवून पांडव विराटनगरीत शिरले. अर्जुनाचा बृहन्नडा झाला आणि भीमाचा बल्लव आचारी. हे सर्वांना ठाऊक असते. नकुलाचे काय झाले, हे मात्र विचारावे लागते. तो ग्रंथिक नाव धारण करून विराटाच्या अश्वशाळेत राहिला. राजापुढे उभे राहून त्याने आपली विद्या सांगितली, ती अशी: घोड्यांची प्रकृती मी जाणतो, त्यांचे शिक्षण जाणतो, दुष्ट घोड्याला कसे हाताळावे हे जाणतो आणि त्यांची चिकित्साही जाणतो.

या प्रसंगी शिक्षणासाठी महाभारतात आलेला शब्द आहे 'विनय'. घोड्याला शिकविणे म्हणजे त्याला विनय देणे. आपण मराठीत विनय म्हणजे नम्रता समजतो. मग प्रश्न पडतो की, ही नम्रता कोणी शिकायची, घोड्याने की त्याच्यावर बसू पाहणाऱ्याने? आणि नकुलाने आपल्या विद्येचा क्रमही कसा लावला आहे पाहा! आधी प्रकृती जाणणे, नंतर शिकविणे. विदर्भकन्या दमयंतीचा पती नल हाही अश्वविद्येत पारंगत होता. त्याच्या विद्येचे नावच 'अश्वहृदय'. घोड्याच्या पाठीकडे जाणारी वाट त्याच्या हृदयातून जाते, हे आपल्या पूर्वजांनी नावातच सांगून ठेवले आहे.

भय कशाचे?

घोड्याची प्रकृती कोणती? तो गवत खाणारा, कळपात राहणारा आणि संकट येताच पळणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे भोवतालचा बहुतेक प्रदेश त्याला एकाच वेळी दिसतो. दिसत नाही तो अगदी कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग. रानात वाघ-सिंह झेप घेतात ती पाठीवर आणि मानेवर. म्हणून पाठीवर अचानक पडलेले ओझे म्हणजे मृत्यू, अशीच त्याच्या रक्ताची शिकवण असते. नवखे शिंगरू स्वाराला उधळून लावते, ते दुष्टपणाने नव्हे. ते आपला जीव वाचवीत असते.

देवीचे वाहन सिंह किंवा वाघ, तर खंडोबाचे वाहन घोडा. एक भय घालणारा, दुसरा भय बाळगणारा. भिणाऱ्या प्राण्याने आपल्या पाठीवरचे भय आपण होऊन दूर ठेवावे, ही घटना वाटते तितकी साधी नाही.

शिंगरू ते घोडा

घोडी सुमारे अकरा महिन्यांनी विते. शिंगरू तासा-दोन तासांतच पायांवर उभे राहते. जाणता पाळणारा त्याचे शिक्षण तेव्हापासूनच सुरू करतो. मात्र ते शिक्षण केवळ स्पर्शाचे असते. अंगावरून हात फिरवावा, कान-मान कुरवाळावी, एकेक पाय उचलून खुराला हात लावावा. पुढे नालबंद येईल तेव्हा या सवयीचे मोल कळते. सहा महिन्यांच्या सुमारास ते दुधावरून सुटते. मग मोरखी घालून दोरीने चालविणे, दावणीला शांत उभे राहणे आणि खरारा करून घेणे हे धडे येतात.

इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक ग्रंथकार झेनोफॉन याने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला आहे. शिंगरू चाबूकस्वाराच्या हाती देण्यापूर्वीच ते घरी माणसाळलेले असावे आणि त्याला गर्दीतून, नाना दृश्यांतून व आवाजांतून फिरवून आणावे, असे तोही सांगतो. कुठे अथेन्स आणि कुठे आपल्या यात्रा! पण घोड्याची प्रकृती सर्वत्र एकच.

यानंतर येतो कावा. लांब दोरीवर घोड्याला वर्तुळात फिरविण्याला आपल्याकडे कावा देणे म्हणतात. तो दोन्ही अंगांनी द्यावा लागतो. कारण डाव्या डोळ्याने ओळखीची झालेली वस्तू उजव्या डोळ्याला पुन्हा नवी वाटू शकते. लगामाची वेळ त्याच्याही पुढची. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दात नसलेली हिरडी असते; लगामाची कडी तेथे बसते. ही जागा अतिशय हळवी असते. कडीला गुळाचे बोट लावून ती अलगद तोंडात सरकवावी आणि काही दिवस नुसतीच राहू द्यावी.

पाठीवर प्रथम घोंगडी टाकावी, मग रिकामे खोगीर. तंग एकदम आवळू नये, टप्प्याटप्प्याने घट्ट करावा. रिकामे खोगीर घेऊन घोडा निश्चिंत कावा फिरू लागला की मऊ, नांगरलेल्या रानात एकाने दोरी धरावी आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीवर केवळ पोटावर पडून थोडा भार द्यावा व उतरावे. असे अनेकदा झाल्यावर एके दिवशी तो पाय पलीकडे टाकतो. पहिली स्वारी चार पावलांची असली तरी पुरे. घोडा कंटाळण्यापूर्वी, तो शांत असतानाच उतरावे. म्हणजे पाठीवरच्या माणसाची त्याची पहिली आठवण भयाची राहत नाही.

या सर्व विद्येचे मर्म एका गोष्टीत आहे. घोडा ताणण्याने शिकत नाही, सोडण्याने शिकतो. लगाम किंचित खेचला आणि घोडा थांबला की त्याच क्षणी तो सैल झाला पाहिजे. हे सैल होणे हेच त्याचे बक्षीस आणि हाच त्याला उमजणारा होकार. जो स्वार सैल सोडायला विसरतो, त्याचा घोडा एक तर तोंडाचा निबर होतो, नाही तर बुजरा.

वयाचा हिशेब

प्रश्न राहतो तो वेळेचा. कौटिल्याने शिंगराच्या जन्मापासूनचा आहार सांगितला आहे आणि चार किंवा पाच वर्षांचा घोडा पूर्ण वाढलेला व कामास योग्य समजावा, असे म्हटले आहे. आजचे पशुवैद्यकही त्याच वाटेने जाते. पायांची खालची हाडे लवकर पक्की होतात; पाठीच्या मणक्यांची वाढ मात्र पाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते. म्हणजे ज्या पाठीवर आपण बसू पाहतो, तीच सर्वांत शेवटी तयार होते! पाचव्या वर्षी घोड्याचे सर्व कायमचे दात येतात. बाजारात दात पाहण्याच्या रूढीत हा हिशेब दडलेला आहे. तयार घोड्यावरही त्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाहून अधिक भार टाकू नये, असा संकेत आहे.

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत आणि दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचे मोठे बाजार भरतात. तेथे देखणे शिंगरू विकत घेणाऱ्याला घाई असते. वरातीत मिरवायचे, वाद्यांच्या तालावर नाचवायचे, म्हणून दोन-अडीच वर्षांच्या कोवळ्या पाठीवर स्वार चढतो आणि शिक्षणाची उणीव काटेरी लगामाने भरून काढली जाते. असे काटे असलेले लगाम वापरण्यास 1965 च्या नियमांनी देशभर बंदी आहे. परंतु कायद्याचा हात लगामापर्यंत पोहोचतोच असे नाही. तेथे धरणाऱ्याचा हातच शहाणा असावा लागतो. कौटिल्याने स्वभावावरून घोड्यांचे तीक्ष्ण, भद्र आणि मंद असे भेद केले व त्यानुसार त्यांना काम द्यावे असे सांगितले. सर्वांना एकच काटा लावणारा माणूस या तीनांपैकी एकालाही ओळखत नाही.

रिकाम्या पाठीचा मान

संयमाचे फळ पाहावयाचे असेल तर आषाढी वारीतील रिंगण पाहावे. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व पायी आळंदीस येतात आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरीची वाट चालतात. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण ती माउलींची. टाळ-मृदंगांचा गजर आणि लक्षावधी माणसे यांच्या मधून तो अश्व रिंगणात दौडतो. पाठीवर टाच मारणारा कोणी नाही, तोंडाशी लगाम ओढणारा कोणी नाही, तरीही तो वाट सोडत नाही. त्याच्या टापांखालची माती भाविक कपाळी लावतात. विनयाची याहून मोठी परीक्षा कोणती?

घटातील धान्य ओढून वाढत नाही. पाणी घालावे, दिवा जपावा आणि नऊ दिवस वाट पाहावी. शिंगराचेही तसेच आहे. फक्त तेथे दिवसांच्या जागी वर्षे मोजावयाची. या खंडेनवमीला ज्यांच्या दारी शिंगरू असेल, त्यांनी त्याच्या कपाळी अवश्य कुंकू लावावे, त्याला माळ घालावी आणि ओवाळावे. शेजारी खोगिराचीही पूजा करावी. मात्र त्याचे दात पुरते येईपर्यंत ते खोगीर खुंटीवरच राहू द्यावे.