खाऱ्या पाण्याचा भाव

आमच्या दुसरबीडहून लोणार काही फार दूर नाही. बिबीच्या बाजूने सकाळी निघालेला माणूस सरोवर पाहून दिवेलागणीला घरी येतो. समुद्र मात्र आमच्यापासून दोनशे मैलांहून अधिक लांब. तेव्हा दुसरबीडच्या माणसाने समुद्राच्या किमतीवर लिहावे याचे वाचकांना थोडे नवल वाटेल. पण खाऱ्या पाण्याचा भाव कसा करतात, याचा पहिला धडा आम्हांला लोणारनेच दिला आहे.

'ऐन-ए-अकबरी'त लोणारची नोंद आहे. काच आणि साबण यांना लागणारा माल येथे मिळतो आणि त्यावरच्या करातून सरकारात चांगला पैसा येतो, असा तिचा आशय. पुढे इंग्रजी अमदानीतही येथला क्षार काढीत आणि डल्ला, निमकडल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी त्याची प्रतवारी करीत. म्हणजे सरोवराची किंमत किती, तर त्यातून निघालेल्या क्षाराची जितकी तितकी! आज तो धंदा राहिलेला नाही. २००० साली तेथे अभयारण्य झाले आणि २०२० साली सरोवर रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जाऊन बसले. जुन्या हिशेबाने त्याची किंमत आता शून्य. तुम्हांआम्हांला ती शून्य वाटत नाही. मग किती वाटते?

हाच प्रश्न पर्यावरणाचे अर्थशास्त्रज्ञ विचारतात. १९४७ साली हॅरोल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने तिकडच्या राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याला पत्र लिहून एक युक्ती सुचविली होती. पाहायला येणारी माणसे कुठून कुठून येतात, गाडीभाड्याला किती मोजतात, अंतर वाढले की येणारे किती घटतात, हे मांडा. त्या जागेचा भाव लोक आपल्या पायांनीच सांगत असतात. अर्थात हा झाला पाहणाऱ्यांचा भाव. न पाहताही उपयोगी पडणाऱ्या गोष्टीचे काय?

याचा अनुभव आमच्या घरात आहे. माझ्या मामांच्या शेताचा एक तुकडा रस्त्यासाठी गेला. मोजणी झाली, यादी आली. विहीर होती, पाइपलाइन होती, आंब्याची झाडे मोजलेली होती. बांधावरचा मोठा कडुनिंबही होता, पण लाकूड म्हणून. त्याच्याखाली तीन पिढ्यांच्या मजुरांनी दुपारची भाकर खाल्ली, बैल उभे राहिले, पोरे झोळीत निजली. सावलीचा रकाना कागदावर नव्हता. मामांचा थोरला मुलगा, आमचा दादा, एवढेच म्हणाला, "कागद खोटा नाही रे, पण अर्धा आहे."

समुद्रकाठची कांदळवने म्हणजे असेच मोठे कडुनिंब. चिखलात वाढणारे, भरतीत बुडणारे हे रान शहरवाल्यांना कैक वर्षे पडीक वाटत आले. भराव घाला, प्लॉट पाडा, की जमिनीला भाव. रानाचा भाव म्हणजे सरपणाचा. मासळीची पिले त्याच्या मुळांत वाढतात आणि पुढे दुसऱ्याच्याच जाळ्यात सापडतात, त्यामुळे तो नफा रानाच्या नावावर कधी पडत नाही.

या उणिवेवर एक चोख काम झाले ते ओडिशात. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तेथे महाचक्रीवादळ आदळले; सुमारे १०,००० माणसे गेली. पुढे सौदामिनी दास या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी केंद्रपाडा जिल्ह्यातील शेकडो गावांचा हिशेब मांडला: गाव आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा किती रुंद, आणि त्या गावात माणसे किती दगावली? जेफ्री व्हिन्सेंट यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर कारणे वजा घालूनही उत्तर स्पष्ट आले. रुंद पट्ट्यामागच्या गावांत मृत्यू कमी. रान मुळीच नसते तर किनाऱ्यापासून दहा किलोमीटरांच्या आतील गावांत दर गावी सरासरी १.७२ माणसे अधिक गेली असती. मला या बाईंचे कौतुक वाटते ते आणखी एका वाक्यासाठी. सरकारने दिलेल्या धोक्याच्या सूचनेने रानापेक्षा जास्त प्राण वाचविले, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. आपल्या बाजूचा आकडा फुगवायचा मोह फार मोठा असतो! आणि तरीही, उरलेले रान राखणे केवळ वादळापुरते पाहिले तरी परवडते, असा त्यांचा निष्कर्ष.

याउलट १९९७ साली रॉबर्ट कोस्टान्झा आणि मंडळींनी साऱ्या पृथ्वीच्या निसर्गसेवेची किंमत वर्षाला ३३ लाख कोटी डॉलर काढली. त्यात निम्म्याहून अधिक वाटा समुद्राचा. एवढ्या आकड्यापुढे माझे डोके चालत नाही. १.७२ समजते.

दादाला हे सांगितले तेव्हा तो क्षणभर थांबला. "पण भाव ठरला म्हंजे गिऱ्हाईक येतेच की," तो म्हणाला. आठवडी बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाचे हे बोलणे हसण्यावारी नेता येत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने वनजमिनीचे दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये मान्य केले. जंगलाला मोल आले खरे, पण ते भरून जंगल तोडायची वाटही रीतसर आखली गेली. मुंबईच्या कांदळवनांचे तसेच. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोड थांबविली, २०१२ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष काढला; आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी वीस हजारांहून अधिक झाडे तोडण्यास परवानगी दिली. बदल्यात दुसरीकडे लागवड करण्याची अट होती. रोपटी मोजता येतात. भरतीचा जोर अडवायला त्यांना किती वर्षे लागतील, हे त्या मोजणीत येत नाही.

तरीही मी रकाना आखणाऱ्यांच्या बाजूचा आहे. रकाना नसला तर शून्यच लिहिले जाते, आणि शून्याला गिऱ्हाईक सगळ्यांत आधी येते. ठाणे खाडीवरच्या नव्या पुलामुळे मासेमारी बुडते म्हणून मच्छीमारांची एक सहकारी संस्था न्यायालयात गेली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला अशा मच्छीमारांसाठी भरपाईचे धोरण ठरविण्यास सांगितले. जमीन नाही, सातबारा नाही, केवळ पाण्यावरचे पोट. त्याचा हिशेब कागदावर आणायची ही सुरुवात. होडी मोजता येईल, जाळे मोजता येईल. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून हाताने कालवे आणि शिवल्या वेचणाऱ्या बाईकडे यातले काहीच नसते. तिची टोपली रोज किती भरते, हे कोणीतरी काठावर उभे राहून लिहून घ्यावे लागेल, आणि तेही असा पूल बांधून व्हायच्या आत.