वसईची वाट मेणवलीवरून

वाईहून मेणवलीला जायला तीन-एक किलोमीटर. नाना फडणीसांच्या वाड्यामागून कृष्णेच्या घाटावर उतरलं की मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी घुमटीत भली थोरली घंटा टांगलेली दिसते. पंचधातूची, अंगावर साल १७०७. आणि शिवाच्या दारातल्या या घंटेवर बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी! 'स्वदेस' चित्रपटात हा घाट पाहिलेले लोक फोटो काढतात नि पुढे जातात. पण ही घंटा मूळची समुद्राकाठची. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा सरदारांनी देवळांना वाहिल्या. एक भीमाशंकरला गेली, एक नाशिकच्या नारोशंकराला, आणि ही इथे.

वसई बघायची तर लोक बोरिवली-विरारची लोकल धरतात. मी म्हणेन, आधी सातारा जिल्हा बघा. त्या बंदराला जिंकणारी माणसं घाटावरची होती. लूट त्यांनी घरी आणली, तशी पत्रंही घरीच आली.

नकाशा मात्र समुद्रापलीकडे गेला. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे शंभर वर्षांनी, १६३५ साली, गोव्यात दफ्तराची राखण करणाऱ्या आंतोनियु बोकारूने पूर्वेकडच्या साऱ्या पोर्तुगीज किल्ल्यांची एक बखरच रचली. आराखडे काढले पेद्रू बारेतो दे रेझेंदेने. ती पोथी आज पोर्तुगालात एव्होराच्या ग्रंथालयात आहे. त्यात वसई आकाशातून पाहावी तशी दिसते: तटाचा कोट, बुरूज, मधे घरं नि चर्चं. बोकारूचा मजकूर तर एखाद्या कमाविसदाराच्या हिशेबासारखा. घरं किती, तोफा किती, वसूल किती. मालकाने काढलेला नकाशा असाच असतो. आपल्याजवळ काय काय आहे ते त्यात सापडतं. तट कुठे फोडता येईल, ते त्यात कोण लिहील?

ते लिहिलं गेलं कागदांत, आणि त्यासाठी साताऱ्याजवळच्या धावडशीला यावं लागतं. ब्रह्मेंद्रस्वामी मूळचे चिपळूणजवळच्या परशुरामचे. जंजिऱ्याच्या सिद्दी सातने देवस्थान लुटल्यावर ते वर घाटावर आले नि धावडशीला राहिले. छत्रपती शाहू, बाजीराव, चिमाजीअप्पा त्यांना गुरू मानत. स्वामी सावकारही होते, हे भक्तांना फारसं आवडत नाही. पण कर्जाची आठवण देणारी पत्रं माणसं जपून ठेवतात, हा आपला फायदा. वसई पडल्यावर अप्पांनी स्वामींना जे पत्र लिहिलं, त्यात रेझेंदेच्या आराखड्यावरच्या रेषांना वजन येतं. तीन बाजूंनी पाणी नि दलदल, चढाईला एकच उत्तरेची जमीन, तीही वाळूची. त्या वाळूतून मोर्चे पुढे सरकवायचे, तटाखाली सुरुंग भरायचे, आणि एक उडाला, एक उडाला नाही की माणसं ढिगाऱ्याखाली जायची. फिरंगी शर्थीने लढला, हे अप्पा मोकळेपणाने कबूल करतात. आपल्याकडची मेली नि जखमी झालेली माणसं ते पाच हजारांच्या घरात मोजतात. 'माझं मस्तक तरी तोफेने किल्ल्यात टाका' ही त्यांच्या तोंडची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली. मला तिच्यापेक्षा ती वाळू जास्त खरी वाटते.

स्वामींचं चरित्र नि पत्रव्यवहार छापला तो दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी, १९०० साली. पारसनीसांचं बिऱ्हाड साताऱ्यात. शिक्षण बेताचं, पण जुन्या घराण्यांच्या माजघरापर्यंत पोचायची हातोटी विलक्षण. मेणवलीचं दफ्तर, म्हणजे नानांचा प्रचंड मोडी पत्रसंग्रह, त्यांनी मिळवला. शिवाय चित्रं, नकाशे, इंग्रजी कागद. १९२५ साली साताऱ्यात त्यासाठी संग्रहालयाची इमारत उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी पारसनीस गेले. १९३९ साली सारा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला. संशोधकांची सोय झाली हे कबूल, तरी सातारकराला अजून ते बोचतं. घंटा तेवढी मागे राहिली. जड म्हणून राहिली म्हणावं, तर ती वसईहून आलीच होती की!

नानांचा काळ म्हणजे वसई एकदा गमावून परत मिळवण्याचा काळ. १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने ती घेतली. त्याच सुमारास वज्रेश्वरीच्या बाजूला दुगाडला मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश पडले. पुढच्या वर्षी गॉडर्ड बोरघाटाकडे वळला, तेव्हा त्याला सतावून मागे रेटणाऱ्यांत तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन होते. पटवर्धनांची पत्रं छावणीतून घरी यायची, म्हणून या युद्धाचा शोध सांगली-मिरजेत येऊन पोचतो. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी त्या दफ्तराचे 'ऐतिहासिक लेख संग्रह' म्हणून खंडामागून खंड काढले, पदरमोड करून. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत आली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. नकाशावर मधे फक्त एक खाडी. पुण्याच्या दरबाराला मुंबई इतकी जवळ का टोचत होती, ते त्या खाडीकडे पाहिलं की कळतं.

एवढं वाचून मग वसईला जावं. जोसेफ जर्सन द कुन्यांच्या चौल-वसईवरच्या १८७६ च्या पुस्तकातला नकाशा बरोबर घ्यावा; संत जोसेफच्या चर्चचा मनोरा, जेझुइटांचं चर्च, फ्रान्सिस्कनांचा मठ अजून त्याच्याशी ताडून बघता येतात. जिंकल्यावर मराठ्यांनी गावाला बाजीपूर नाव दिलं, ते टिकलं नाही. पोर्तुगीज जहाजातून उतरून दर्या दरवाजाने गावात शिरत. आज रिक्षातून उतरणारा माणूस येतो जमिनीच्या अंगाने, जिथे अप्पांचे मोर्चे लागले होते त्या बाजूने.